कावेरीला भूक लागते

पडदा वर जातो. झाशीतल्या नगरा भागातली एक गच्ची. हिवाळ्यातलं अकराचं ऊन, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे परातीत मटारच्या शेंगांचा ढीग. डाव्या खुर्चीवर अलकनंदाबाई, वय पंचाहत्तर, शेंगा सोलताहेत आणि मधून मधून दोन दाणे तोंडात टाकताहेत. उजवीकडे त्यांची नणंद कुसुमावती, वय चौऱ्याहत्तर, बदामी शाल, पाठ ताठ, हातातला मोबाइल ओठांसमोर आरशासारखा धरलेला. खालच्या कुणाच्या तरी घरातून कुकरची शिट्टी होते. कुसुमावतीबाई तिकडे डोळे वटारून बघतात, शिट्टी संपू देतात, घसा साफ करतात आणि सुरू करतात.

"नमस्कार. मी झाशीहून कुसुमावती. आज गुरुवार."

मी शेजारच्या गच्चीवरचा प्रेक्षक. नाव मकरंद. ऐन उमेदीची वर्षं नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव हिंडलो. आता मुलगा इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर आहे, म्हणून म्हातारपण झाशीत. दोन गच्च्यांच्या मधे कमरेएवढी भिंत, त्यामुळे या दोघींचं एकही वाक्य माझ्या कानावरून सुटत नाही. वाक्य कुठे थांबवावं हे आपल्याला कळतं असा माझा फार जुना समज होता. कुसुमावतीबाईंचे गुरुवार ऐकायला लागल्यापासून तो मी सोडून दिला.

गुरुवारी त्या पुस्तक सांगतात. मोबाइलवर ‘दुमडलेलं पान’ नावाचा वाचकांचा एक ग्रुप आहे. चारशे बारा माणसं. नाशिकची, नांदेडची, ठाण्याची, एक दुबईचा. कोल्हापुरात औषधांचं दुकान चालवणारा सुजय हा ग्रुप सांभाळतो. नियम एकच: जे पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं असेल त्याबद्दलच बोलायचं. न वाचता शिफारस केली की नाव काढलं जातं. आजवर दोघांचं काढलं होतं, आणि सुजयनं त्यातल्या एकाला, जो त्याचा सख्खा मेहुणा होता, त्यालाही सोडलं नव्हतं.

बाकीचे लिहितात. कुसुमावतीबाई बोलतात. गोष्ट कधीच सांगत नाहीत. "हे पुस्तक उघडायच्या आधी गॅस बंद करा, माझं दूध दोनदा उतू गेलं." किंवा: "पहिली पन्नास पानं चढण आहे, किल्ल्यावर जाते तशी. दम लागेल. वर हवा छान आहे." एका गाजलेल्या कादंबरीचा त्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला होता. "या लेखकाची नायिका पुरण वाटता वाटता हातानं डोळे पुसते. लेखकजींनी एकदा पुरणाचा हात स्वतःच्या डोळ्याला लावून बघावा, मग लिहावं."

पुण्याच्या एका गृहस्थांनी सुरुवातीला त्यांना कळवलं होतं की आपल्या मराठीत हिंदी फार येतं. त्यांना उत्तर गेलं, "भैयाजी, अडीचशे वर्षं झाली आमच्या घराण्याला इथे येऊन. आजूबाजूला हिंदी आहे, बुंदेली आहे. घरात काही कमी पडलं की वाटी घेऊन शेजारीच जातो. पुण्याला कुठे येणार वाटी घेऊन?" तेव्हापासून ते गृहस्थ गुरुवारी सगळ्यात आधी ऐकतात.

बाईंचं आयुष्य थोडक्यात सांगता येतं. त्या स्वतः तर एका श्वासात सांगतात. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन समथरला गेल्या. आठ महिन्यांनी सासरच्यांनी ट्रंक देऊन परत पाठवलं. कारण कुणी सांगितलं नाही आणि विचारायची पद्धत नव्हती. मग बी.ए., मग बी.एड., मग मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं इतिहास, हिंदीतून. बाजारात अजून पन्नाशीच्या बायका वाकून म्हणतात, "कुसुम मैडम, पहचाना?" भाऊ रेल्वेत होता, तो जाऊन दहा वर्षं झाली. पुतणे दिल्लीला. घरात उरल्या दोघी: नणंद आणि भावजय.

अलकनंदाबाई मूळ वाईच्या. चोपन्न वर्षं झाशीत राहूनही त्या नणंदेला ‘वन्सं’ म्हणतात. महाराष्ट्रात हा शब्द मी शेवटचा ऐकला तो रंगमंचावर. त्यासुद्धा वाचतात, पण वाचलेल्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, आणि मोबाइलला हात लावत नाहीत.

कुसुमावतीबाईंना वाचायचा नाद लहानपणापासून, पण त्याबद्दल बोलायला अख्ख्या गावात कुणी नव्हतं. शाळेत हिंदी, बाजारात बुंदेली, घरात वहिनी. एकदा मला म्हणाल्या, "मकरंदजी, सत्तर वर्षं मी पुस्तकं वाचून भिंतीला सांगितली. आता चारशे माणसं विचारतात, ताई, या आठवड्यात काय वाचू? तुम्हाला टाळ्यांची सवय आहे, तुम्हाला नाही कळायचं." मला कळलं होतं. मी फक्त मान हलवली.

तर त्या गुरुवारी, मटार सोलता सोलता, अलकनंदाबाईंनी विचारलं, "आज कुठलं?"

"आज ‘उंबऱ्याबाहेरचं ऊन’."

शेंगा सोलणारा हात थांबला. "ते नका सांगू, वन्सं."

"का?"

"जुनं आहे. कुणाला मिळणार नाही. लोक उगाच शोधत बसतील."

"शोधू देत की. शोधून मिळालेलं पुस्तक जास्त गोड लागतं."

"दुसरं सांगा. ते मागच्या महिन्यातलं, समुद्राचं..."

"वहिनी, तीन वर्षं राखून ठेवलंय मी हे. आता चौऱ्याहत्तर झाले. अजून किती राखू?"

आणि त्यांनी सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी गोष्ट सांगितली, शेवटासकट. कावेरी नावाची मुलगी, सासरहून परत पाठवलेली. सगळं गाव तिला समजावतं, आणि जेवलीस का, एवढं कुणी विचारत नाही. शेवटी ती पहाटे विहिरीवर जाते, काठावर बसते. "आणि तिथे, मैत्रिणींनो," इथे बाई थांबल्या, आणि ते थांबणं असं होतं की मी भिंतीला हात टेकले, "तिथे कावेरीला भूक लागते. पदरात पेरू असतो. तो ती बियांसकट खाते आणि उठून शिवण शिकवणाऱ्या बाईंच्या दारात जाऊन उभी राहते. दुःखात माणूस रडतो हे सगळेच लिहितात. भूक लागते हे लिहायला छाती लागते. मी वीस वर्षांची असताना हे वाचलं. एकदाच. या पानांनी मला हाताला धरून उठवलंय. शोधा आणि वाचा."

ग्रुपवर फुलांचा पाऊस पडला. तीसएक जण पुस्तक शोधायला निघाले.

पुढच्या बुधवारी ठाण्याच्या मेघनाबाईंचा संदेश आला. त्यांना एका जुन्या पुस्तकवाल्याकडे प्रत मिळाली होती.

"कुसुमावतीताई, पुस्तक पूर्ण वाचलं. यात पेरू नाही, भूक नाही, शिवणाच्या बाई नाहीत. कावेरी विहिरीवरून परत येत नाही. काठावर फक्त तिची घागर सापडते. शेवटच्या पानाचा फोटो टाकते आहे. तुम्ही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही हे उघड आहे. हल्ली यंत्राला विचारलं की ते न घडलेलंही घडलं म्हणून छान सांगतं. तसं काही केलंत का? तुमच्या शब्दावर मी आठ दुकानं पालथी घातली हो."

मेघनाबाईंचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. फोटो स्पष्ट होता. छापील पान, खाली ‘समाप्त’. घागर काठावर होती, कावेरी नव्हती.

मग जे होतं ते झालं. कुणी म्हणालं ताईंचं वय झालंय, कुणी म्हणालं मग पुरणाचं तरी खरं होतं का. पुण्याचे गृहस्थ एकटे लढत राहिले. सुजयनं अतिशय नम्रपणे लिहिलं, "ताई, रविवार संध्याकाळपर्यंत तुमचं म्हणणं सांगा. तुम्हाला काढायचं माझ्या जिवावर येईल, पण नियम मेहुण्यालाही लावला होता."

गुरुवारी गच्ची रिकामी. खालून अलकनंदाबाईंचा आवाज तेवढा ऐकू आला. "सोडा तो ग्रुप. आधी काय चारशे माणसं विचारून जेवत होतो आपण?"

शुक्रवारी सकाळी कुसुमावतीबाई भिंतीपाशी आल्या. डोळे सुजलेले, पण पदर इस्त्रीचा.

"मकरंदजी, जरा माझ्याबरोबर मराठी मंडळात चला. तेव्हा ते पुस्तक तिथल्याच वाचनालयातून आणलं होतं. मला वेड लागलंय का ते बघायचंय."

"असं काय बोलता?"

"मला त्या पेरूच्या बिया आठवतात हो. दाताखाली आलेल्या. कुणी वाचल्याशिवाय बिया आठवतात का?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "प्रत सापडली आणि त्यात तसं नसेल, तर मी माफी मागीन आणि स्वतःच नाव काढून घेईन. पण मग ज्या गोष्टीवर उठून मी बी.ए.चा फॉर्म भरला, ती गोष्ट कुठे होती, तेवढं कुणी मला सांगावं."

ई-रिक्षानं आम्ही मंडळात गेलो. आमचं मराठी मंडळ म्हणजे एक सभागृह, गणपतीचे दहा दिवस सोडले तर बंद. वाचनालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं. चाव्या सुभाषचंद्रांकडे, ते मंडळाचे चिटणीस, वय एक्याऐंशी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटची पानं छापलेली होती की उतरवलेली?"

"म्हणजे?" मी विचारलं.

ते माझ्याकडे दयेनं बघून हसले. "तुम्ही महाराष्ट्रातले. तुमच्याकडे पुस्तक फाटलं की दुसरं मिळतं. आम्ही कुठून आणणार? पान गेलं की ग्वाल्हेरच्या मंडळाकडून त्यांची प्रत मागवायची, कुणीतरी बसून तेवढी पानं हातानं उतरवून काढायची आणि आपल्या पुस्तकात शिवून टाकायची. हे बघा."

त्यांनी तीन-चार पुस्तकं उघडून दाखवली. खरंच, छापील पानांच्या मधेच रेघी कागद, कुणाचं बारीक अक्षर, कुणाचं मोडीसारखं पळणारं. "कधी कुणी शंका घेतली नाही. छापलेलं काय, उतरवलेलं काय, आम्हाला सारखंच. फक्त उतरवणाऱ्यानं आपलं नाव घालायचं नाही. पुस्तक लेखकाचं. तारीख तेवढी घालायची."

‘उंबऱ्याबाहेरचं ऊन’ खालच्या कप्प्यात मिळालं, तांबड्या कापडी बांधणीतलं. कुसुमावतीबाईंनी ते मागून उघडलं. छापील पानं दोनशे अकरापर्यंत. पुढे अकरा रेघी पानं, निळ्या शाईची तपकिरी झालेली.

त्या उभ्या उभ्या वाचू लागल्या. ओठ हलत होते. मग एकदम ओरडल्या, "आहे! बघा मकरंदजी, आहे! ‘कावेरीला भूक लागली.’ हा पेरू, ह्या बिया! मी खोटं नाही बोलले!"

"मी म्हटलंच होतं," सुभाषचंद्र म्हणाले, जरी त्यांनी तसं काही म्हटलं नव्हतं. "ग्वाल्हेरची प्रत वेगळ्या आवृत्तीची असेल. टाका फोटो ग्रुपवर."

बाईंनी पर्समधून मोबाइल काढला, पान उजेडात धरलं, चष्मा वर सरकवला. आणि तशाच थांबल्या. पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं. शेवटच्या पानाखाली तारीख होती: डिसेंबर १९७०.

मग त्या कपाटाशेजारच्या बाकावर बसल्या.

"हे ग्वाल्हेरहून उतरवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हे अक्षर मी रोज सकाळी दुधाच्या कॅलेंडरवर बघते."

मी विचारलं, "कुणाचं?"

"घरी चला."

सुभाषचंद्रांनी पुस्तक घरी नेऊ दिलं. नोंदवहीत सही घेतली. त्या वहीतली आधीची सही नऊ वर्षांपूर्वीची होती.

अलकनंदाबाई गच्चीवर उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या. कुसुमावतीबाईंनी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं, शेवटची पानं उघडून. मी मागच्या मागे निघायला लागलो.

"कुठे चाललात, नाटकवाले?" अलकनंदाबाई मान वर न करता म्हणाल्या. "बसा. साक्षीदार लागेल." मग पानावरून बोट फिरवत म्हणाल्या, "अजून आहे होय हे? मला वाटलं वाळवीनं खाल्लं असेल."

"वहिनी, हे तुम्ही लिहिलंत."

"वाचनालयाचं पुस्तक फाडलं. माहीत आहे मला. आता काय, सुभाषचंद्रांना सांगून मंडळातून काढणार?"

"मंडळाचं सोडा, मला ग्रुपमधून काढायला निघालेत!"

"म्हणून तर म्हणत होते, दुसरं सांगा. ऐकता कुणाचं?"

"का केलंत?"

परातीत काल सोलायच्या राहिलेल्या चार शेंगा होत्या, त्यातली एक अलकनंदाबाईंनी उचलून सोलली आणि दाणे तसेच हातात ठेवले.

"तीन महिने झाले होते माझ्या लग्नाला," त्या म्हणाल्या. "मीठ कुठल्या बरणीत असतं तेसुद्धा सासूबाईंना विचारावं लागायचं. आणि तुम्ही समथरहून आलात. माझ्याशी बोलायची तुमची इच्छा नव्हती आणि तुमच्याशी बोलायची माझी हिंमत नव्हती. रोज दुपारी लक्ष्मी तालावर जायचात, तळ्याच्या काठी. देवीला म्हणून. देऊळ दुपारी बंद असतं, एवढं मला नव्या माणसालाही कळत होतं."

कुसुमावतीबाई खाली बघत होत्या.

"एक दिवस अंथरूण घालताना तुमच्या उशीखाली हे पुस्तक. अर्ध्यावर खूण. मी वाईला असताना वाचलं होतं. शेवट माहीत होता."

"मग काढून घ्यायचंत."

"नव्या सुनेनं नणंदेच्या उशीखालचं पुस्तक काढायचं? सासूबाईंनी मला दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं वाईला पोचवलं असतं. मग परत पाठवलेल्या आपण दोघी झालो असतो." त्या जरा हसल्या. "दोन दुपारी बसले, कोठीच्या खोलीत, धान्याच्या कणगीमागे. इथली पानं हातानं उतरवायची रीत आहे हे तुमच्या भावानंच कौतुकानं सांगितलं होतं मला. म्हटलं, कुणाला संशय यायचा नाही. शिवलंसुद्धा मीच. गोधडीच्या दोऱ्यानं."

"आणि फाडलेली पानं?"

"बंबात. सकाळी तुमच्याच आंघोळीचं पाणी तापलं त्यावर."

मला हसू आलं, आणि ते आल्याची लाज वाटली. पण त्या दोघीही हसत होत्या, एकमेकींकडे न बघता.

"पण भूक?" कुसुमावतीबाईंनी विचारलं. "ती कुठून सुचली?"

"सुचतंय कुठलं! मी काय लेखिका आहे? लेखकानं तिला विहिरीपर्यंत आणून ठेवलेली. तिथून परत कशी फिरवायची? देव आणला, खोडला. नवरा आणला माफी मागायला, तोही खोडला, तो काही यायचा नाही हे मला दिसत होतं." हातातले दाणे त्यांनी परातीत टाकले. "चार दिवस जेवली नव्हतीस गं तू. ताट जसंच्या तसं परत यायचं आणि ते घासायला माझ्याकडेच यायचं. मला वाटलं, हिला नुसती भूक लागू दे. एवढंच मागितलं मी. पुढचं पुढे बघू."

खालच्या रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत गेली.

"तो खरा शेवट मी परवा वाचला," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "मेघनाताईंनी टाकलेला. घागरीचा." मग त्यांनी वाक्य सुरू केलं, "तेव्हा जर तो हातात आला असता..." आणि ते पुरं केलं नाही. हात लांब करून वहिनीच्या खांद्यावरून घसरलेली शाल वर ओढली.

"आणि चोपन्न वर्षं," त्या जरा वेळानं म्हणाल्या, "मी या पानांचं गुणगान तुमच्याच तोंडावर करत होते! काय छाती आहे लेखकाची, म्हणून! आणि तुम्ही गप्प?"

"ऐकत होते की. बरं वाटायचं."

"लबाड बाई!"

"लबाड तर लबाड. आता त्या ग्रुपला सांगा, विसर पडला म्हणून. म्हाताऱ्या माणसाला लोक माफ करतात."

"मी विसरलेले नाही."

"मग सांगा, प्रत वेगळी होती."

"ती तर होतीच!"

"माझं नाव घ्यायचं नाही, वन्सं. चारशे माणसांत पुस्तक फाडणारी म्हणून..."

"चारशे बारा."

"बारा जास्त! त्या लेखकानं बिचाऱ्यानं काय वाकडं केलं होतं माझं? त्याची लिहिलेली पानं मी जाळली. तुम्ही मास्तरीण, तुम्हीच सांगा, हे बरं का?"

"बरं नाही," कुसुमावतीबाई म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "मी इथे बसलेय, वहिनी."

पण वाद मिटला नाही, शनिवारभर चालला, पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, भिंतीवरून मला मधे घेऊन आणि मला गप्प करून. एकीचं म्हणणं, खरं सांगितल्याशिवाय मी तोंड दाखवणार नाही. दुसरीचं म्हणणं, खरं सांगाल तर मी तोंड दाखवणार नाही. मी म्हटलं, दोघींनी एकदमच पडद्याआड जाऊ नका, प्रेक्षक काय करील? दोघींनी मला चहा करायला पाठवलं.

रविवारी दुपारी तीन वाजता अलकनंदाबाई म्हणाल्या, "करा काय करायचं ते. पण आधी मला एक सांगा. तेव्हाचं सोडा. आता, या वयात, इतकी पुस्तकं वाचून झाल्यावर परवा तुम्ही ती पानं वाचलीत. लिहिलंय का बरं?"

कुसुमावतीबाईंनी गुरुवारी घेतात तेवढाच वेळ घेतला. "मधली दोन पानं लांबली आहेत. शिवणाच्या बाई फार बोलतात. पण विहिरीवरचं कुणालाही जमणार नाही असं आहे."

"शिवणाच्या बाई बोलतात खऱ्या," अलकनंदाबाई म्हणाल्या, आणि खुर्ची उचलून नणंदेशेजारी आणून बसल्या, तोंड मात्र दुसरीकडे करून.

पुढे काय झालं ते मी आत्ताच सांगून टाकतो, कारण नाटकातलं शेवटचं वाक्य कुणाचं असावं हे मला या वयात तरी कळायला हवं. सुजयनं नाव काढलं नाही. नियमाखाली त्यानं एक ओळ वाढवली, ‘शेवटचं पान म्हणजे आपल्या हातात आलेल्या प्रतीचं’, ती त्याच्या मेहुण्यानंच सुचवली म्हणे. मेघनाबाईंनी दुसऱ्या दिवशी ठाण्याहून झाशीच्या गाडीच्या तिकिटाचा फोटो टाकला, फेब्रुवारीतल्या.

हे सगळं नंतरचं. त्या रविवारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. गच्चीवर ऊन उतरत होतं, एका बाईचं चारशे बारा माणसांतलं नाव पणाला लागलं होतं, शेजारी तोंड फिरवून दुसरी बसली होती, आणि कुसुमावतीबाईंनी मोबाइल ओठांसमोर धरला. त्या जे बोलल्या ते शब्दन् शब्द इथे उतरवून ठेवतो.

"नमस्कार. मी झाशीहून कुसुमावती. आज गुरुवार नाही, माहीत आहे. मेघनाताई, तुमचं बरोबर आहे. छापलेल्या पुस्तकात कावेरी परत येत नाही. लेखकानं तसंच लिहिलंय, आणि फार चांगलं लिहिलंय. मी ते पहिल्यांदा वाचलं तुम्ही टाकलेल्या फोटोत. म्हणजे ग्रुपचा नियम मी मोडला. सुजयजी, नाव काढायचं असेल तर काढा, मला वाईट वाटणार नाही. नाही, वाटेल. पण काढा. मी वाचलेली शेवटची अकरा पानं माझ्या वहिनीनं लिहिलेली आहेत, अलकनंदाबाईंनी. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि माझं काही ठीक चाललेलं नव्हतं. यापेक्षा जास्त सांगत नाही, त्या इथेच बसल्यात, उठून जातील. त्या लेखकाची मी त्यांच्या वतीनं माफी मागते. पानांचे फोटो मात्र टाकणार नाही. ती एकाच माणसासाठी लिहिली होती. पण तुमच्यापैकी कुणाला, नाही तर तुमच्या घरात कुणाला, तशी वेळ आली असेल, तर त्यांनी निःसंकोच झाशीला यावं. प्रत माझ्याकडे आहे. स्टेशनवर उतरलात की फोन करा, मी घ्यायला येते. फक्त मे महिन्यात येऊ नका, आमच्या इथल्या उन्हात अक्षरं दिसत नाहीत."